जिन्याखालची सायकल

शिरूरला बायपासच्या पलीकडे जी नवी वस्ती झाली आहे, तिथे माझ्या ओळखीच्या एका घरी जिन्याखाली एक सायकल उभी आहे. निळ्या रंगाची, पुढे टोपली असलेली, मुलींची सायकल. चाकांतली हवा गेली आहे, साखळीवर गंज चढला आहे आणि सीटवर घरच्या मंडळींनी जुन्या वर्तमानपत्रांची चळत रचून ठेवली आहे. सायकल मोडलेली मात्र नाही. जिच्यासाठी ती घेतली ती मुलगी आता नववीत आहे, चांगली धडधाकट आहे, आणि सायकल तिला उत्तम येते. शाळा घरापासून दोन किलोमीटरांवर आहे. तरीही ती सायकलने शाळेत जात नाही. वाटेत मोठा रस्ता ओलांडावा लागतो, आणि आई म्हणते, "नको गं बाई, तो रस्ता नको."

मग तिला वडील मोटारसायकलवरून सोडतात. वडील रांजणगावच्या एका कारखान्यात पाळीने कामाला. पहिली पाळी असली म्हणजे ते पहाटेच घराबाहेर पडतात. त्या आठवड्यात मुलीला सोडणार कोण? कधी शेजारी नेतात, कधी रिक्षा मिळते, कधी मिळत नाही. गेल्या पावसाळ्यात तिचे सकाळचे तास किती बुडाले हे तिची आई मला बोटांवर मोजून दाखवू लागली, तर दोन्ही हातांची बोटे पुरली नाहीत.

श्रोतेहो, आज मला या जिन्याखालच्या सायकलीविषयीच थोडे बोलावयाचे आहे. ही एकाच घरातली गोष्ट नव्हे. आपल्या तालुक्याच्या गावांतून अशा सायकली शेकड्यांनी असतील. त्या जिन्याखाली का गेल्या, आणि पुन्हा रस्त्यावर कशा येतील?

साठ-सत्तर वर्षांपूर्वी पुण्याला सायकलींचे शहर म्हणत असत. विद्यार्थी सायकलवर, प्राध्यापक सायकलवर, कारकून सायकलवर आणि दूधवालाही सायकलवर. सायकलला महानगरपालिकेचा पत्र्याचा बिल्ला असे, रात्री दिवा नसला तर पोलीस अडवी, आणि डबलसीट दिसले की शिट्टी वाजे. शिरूर म्हणजे काही पुणे नव्हे. इंग्रजी अमदानीत ही घोडदळाची छावणी. गावाला घोडनदी हे दुसरे नाव पडले ते मात्र नदीवरून. परंतु घोड्यांच्या या गावातही पुढे सायकलीच फिरू लागल्या. आमच्या लहानपणी दुकानातून ताशी भाड्याने सायकल मिळे. पाय पेडलला पुरत नसत, तेव्हा नळीखालून पाय घालून आम्ही ती चालवायला शिकलो. गुडघे फुटले, पण रस्त्याची भीती म्हणून कधी वाटली नाही.

पुढे काळ बदलला. १९७२ साली लुना आली. ती तर आमच्या शेजारच्या नगरलाच तयार होई. त्याच वर्षी बजाजची चेतक आली. त्यामागून मोटारसायकली आल्या आणि मोटारीही आल्या. लांबच्या कामाला जाणाऱ्या माणसाला त्यांचा उपयोग झाला, हे खोटे नाही. न्हाव्याऱ्याहून शिरूरला रोज ये-जा करणाऱ्याला आपण कोणत्या तोंडाने सांगणार, की बाबा रे, सायकल वापर? लांबच्या कामाला गाडी असावीच. पण कोपऱ्यावरून कोथिंबिरीची जुडी आणायलाही आपण किक मारू लागलो.

आता थोडा हिशेब करू या. २०११ च्या जनगणनेत शिरूर शहराची लोकसंख्या ३७ हजारांच्या घरात होती. गाव वाढले, भोवताली वस्त्या झाल्या. तरीही एसटी स्थानकापासून तीन किलोमीटरांचे वर्तुळ काढले तर बाजार, कचेऱ्या, दवाखाने, शाळा आणि बोरा महाविद्यालय, सगळे काही बहुतेक त्याच्या आत येते. माणूस साधारणपणे तासाला पाच किलोमीटर चालतो. तेवढ्याच श्रमात सायकलवर तो तिप्पट अंतर जातो. म्हणजे तीन किलोमीटर जायला बारा ते पंधरा मिनिटे लागतात. मोटार काढायची, गर्दीतून न्यायची आणि बाजारात ती उभी करायला जागा शोधायची, यात तेवढा वेळ सहज जातो. एका मोटारीच्या जागेत दहा सायकली उभ्या राहतात, हे निराळेच. आणि पेट्रोल लिटरला शंभर रुपयांच्या पुढे गेले आहे, हे मी आपणांस सांगावयास नको.

पुणे-मुंबई ही मोठी शहरे. तिथे माणसाला कामासाठी पंधरा-वीस किलोमीटर जावे लागते. सायकलला सोयीचे असे गाव शोधायचे तर ते शिरूरएवढे किंवा दौंडएवढेच असावयास हवे. अंतरे लहान, जमीन बहुतेक सपाट आणि माणसे ओळखीची. मग अडते कुठे?

लोक आळशी झाले, असे उत्तर कित्येक जण देतात. मला ते पटत नाही. २०११ च्या त्याच जनगणनेत देशातल्या शंभरांपैकी सुमारे ४५ घरी सायकल होती, २१ घरी स्कूटर किंवा मोटारसायकल होती आणि मोटार जेमतेम ५ घरी होती. सायकली घराघरांत होत्याच. ती आई आळशी आहे काय? तिची मुलगी आळशी आहे काय? तिला वाटते ती भीती आहे; आणि ती खरी आहे.

त्या भीतीमागचे शास्त्रही समजून घेऊ. गाडीचा वेग दुप्पट झाला की तिच्या अंगचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. ताशी ३० किलोमीटरने येणाऱ्या गाडीसमोर एकदम मूल आले, तर चालकाच्या लक्षात येऊन ब्रेक लागून गाडी थांबेपर्यंत ती सुमारे १३ मीटर पुढे जाते. तीच गाडी ताशी ६० ने असली तर ३५ मीटरांहून अधिक जाते, आणि हे रस्ता कोरडा व ब्रेक चांगले असताना. पावसात अंतर आणखी वाढते. पहिल्या गाडीखालून मूल बहुधा वाचते. दुसरीपुढे त्याचा जीव दैवावर राहतो. आपण काय केले? गावातले आणि गावाला खेटून जाणारे रस्ते गाड्यांना वेगाने जाता यावे म्हणून रुंद व गुळगुळीत केले. ते करताना वाटेतल्या माणसाचा विचार मागे राहिला. तेव्हा सायकल नाहीशी झाली असे म्हणण्यापेक्षा तिची जागा गेली असे म्हणणे अधिक खरे होईल.

ही जागा राखावी हा विचार काही नवा नाही बरे का. आपल्या देशात रस्ते कसे बांधावे याचे नियम इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था घालून देते. १९६२ सालीच तिने सायकलमार्गांविषयी नियम केला होता. गर्दीच्या वेळी तासाला ४०० सायकली आणि १०० ते २०० मोटारगाड्या जात असतील, तर सायकलींना वेगळा मार्ग द्यावा. मोटारगाड्या तासाला २०० हून अधिक असतील, तर सायकली १०० च असल्या तरीही द्यावा. हेतू चांगला होता. परंतु आज मोजणी करणारा माणूस बायपासवर येऊन उभा राहिला, तर त्याच्या वहीत सायकलींच्या रकान्यात काय पडेल? जवळजवळ पूज्य. मग म्हणावयाचे, इथे सायकलीच नाहीत, मार्ग कशाला हवा? विहिरीवर दोर-बादली नाही म्हणून पाण्याला कोणी येत नाही, आणि कोणी येत नाही म्हणून दोर-बादली ठेवायची नाही, असा हा प्रकार आहे. मोजणी करणाऱ्याने जिन्याखाली वाकून पाहिले पाहिजे. खरी संख्या तिथे आहे.

सायकल हाती आली आणि ती चालवता आली तर काय होते, याचा एक दाखला बिहारमधला आहे. २००६ साली तिथल्या सरकारने नववीत जाणाऱ्या मुलींना सायकल घेण्यासाठी पैसे देण्यास सुरुवात केली. पुढे कार्तिक मुरलीधरन व निशित प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला. माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढल्याचे आणि मुलगे व मुली यांच्यातली तफावत ४० टक्क्यांनी कमी झाल्याचे त्यांना आढळले. जिथे शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून दूर, तिथे फायदा अधिक. आपल्या महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमाखाली मागास तालुक्यांतल्या मुलींना सायकली दिल्या जातात. चांगलीच गोष्ट आहे. परंतु सायकल एका समारंभात देता येते. रस्ता तसा देता येत नाही.

पुण्याने काही प्रयत्न केले आहेत, आणि त्यांतून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. डिसेंबर २०१७ मध्ये पुणे महानगरपालिकेने सायकल आराखडा मंजूर केला. त्यात ८०० किलोमीटरांहून अधिक लांबीच्या मार्गांचे जाळे दाखविले आहे. त्याच महिन्यात विद्यापीठाच्या आवारात आणि औंध भागात भाड्याच्या सायकली आल्या. फोनवरून कुलूप उघडायचे, सायकल न्यायची आणि काम झाले की सोडायची. लोकांना मोठे कौतुक वाटले. पण दोन-तीन वर्षांत त्या कंपन्या एकेक करून निघून गेल्या. काही रस्त्यांवर त्याआधीच सायकलमार्ग झाले होते. त्यांवरून आपण कधी गेला असाल तर आठवून पाहा. मार्ग चांगला चालू असतो, मध्येच विजेचा खांब येतो. पुढे मोटारसायकली लावून ठेवलेल्या असतात. आणखी पुढे चौक आला की मार्गच संपतो, आणि नेमका जिथे आधार हवा तिथे सायकलस्वार बसच्या चाकाशी येऊन पडतो. सायकलच्या साखळीचा एक दुवा तुटला, तर उरलेले दुवे चांगले असून काय उपयोग? मार्गाचेही तसेच आहे. दहा किलोमीटरांचा तुटका मार्ग करण्यापेक्षा घरापासून शाळेपर्यंतचा दोनच किलोमीटरांचा, पण अखंड मार्ग करावा.

आता थोडे दूरदेशी जाऊ. हॉलंड म्हणजे सायकलींचा देश, हे आपण ऐकतो आणि वाटते की तिथल्या लोकांची ती उपजतच आवड असेल. तसे नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांच्याही हाती पैसा आला, घरोघरी मोटारी आल्या आणि सायकली मागे पडल्या. १९७१ या एका वर्षात तिथल्या रस्त्यांवर ३ हजारांहून अधिक माणसे दगावली. त्यांत ४०० हून अधिक मुले होती. तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले. 'मुलांची हत्या थांबवा' असेच त्यांच्या चळवळीचे नाव होते. १९७३ साली तेलाची टंचाई आली, रविवारी मोटारी बंद ठेवाव्या लागल्या आणि मुलांना मोकळे रस्ते पुन्हा पाहावयास मिळाले. त्यानंतर तिथे रस्त्यांची आखणी बदलत गेली. वस्तीतल्या काही गल्ल्यांना त्यांनी 'वूनएर्फ' म्हटले. आपल्या भाषेत सांगावयाचे तर राहत्या घरांचे अंगण. तिथे गाडीने पाहुण्यासारखे बेताबेताने यावयाचे.

त्यांचे हौटन नावाचे एक गाव उत्रेख्त शहराजवळ आहे. वस्ती ५० हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्या गावांच्याच तोलाचे. गावाभोवती मोटारींसाठी गोल रस्ता आहे. मोटारीला एका भागातून दुसऱ्या भागात जायचे तर बाहेर जाऊन वळसा घ्यावा लागतो. सायकल मात्र गावाच्या मधून सरळ जाते. शाळा त्या सायकलच्या वाटेवरच आहेत. मोटारीला कुणी बंदी केलेली नाही. पण जवळच्या कामाला सायकलच लवकर पोचते, म्हणून लोक ती काढतात.

शिरूरलाही बायपास आहे. म्हणजे हौटनच्या अर्ध्या कामाची सोय आपल्याकडे आधीच झालेली आहे. राहिलेल्या अर्ध्या कामासाठी हौटनची नक्कल नको, आपल्या हाताला झेपतील अशा गोष्टी कराव्यात.

पहिली गोष्ट, गावातला वेग. जड वाहतूक बाहेरून जाऊ शकते, तर गावातल्या रस्त्यांवर ताशी ३० किलोमीटरांहून अधिक वेग असू नये. नुसती पाटी लावून वेग कमी होत नाही. शाळांपुढे रस्ता थोडा अरुंद करावा, आणि मुले जिथून ओलांडतात तेवढा पट्टा उंच करावा. वेग कमी झालेल्या गल्लीत सायकलला वेगळा मार्गही लागत नाही. खर्च सर्वांत थोडा आणि लाभ सर्वांत जास्त, असे हे काम आहे.

दुसरी गोष्ट, मोठा रस्ता ओलांडण्याची सोय. पुणे ते शिरूर अशा सुमारे ५४ किलोमीटरांवर उन्नत रस्ता उभारण्याची योजना शासनाने पुढे आणली आहे. लांब जाणाऱ्या गाड्या वरून गेल्या तर आनंदच आहे. परंतु खालच्या रस्त्याचे काय होणार, हे ग्रामपंचायतींनी आणि नगरपरिषदेने आत्ताच विचारले पाहिजे. सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगाव, कारेगाव या गावांतले कामगार काही उन्नत मार्गाने कारखान्यात जात नाहीत. त्यांची वाट खालूनच आहे. आराखडे कागदावर असताना सायकलसाठी दोन-अडीच मीटरांची पट्टी मागणे सोपे असते. खांब उभे राहिल्यावर मागून काय मिळणार?

तिसरी गोष्ट आपल्या पाणंदींची. शेतात जाणाऱ्या या जुन्या वाटा गावांना गावांशी जोडतात, आणि त्यांवर भरधाव गाड्या नसतात. २०२१ साली शासनाने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली. पाणंद शेतमालासाठी दुरुस्त होणारच असेल, तर तीच शाळेकडे जाणारी मुलांची वाट होऊ शकेल काय, हे ग्रामसभेने पाहावे.

चौथी गोष्ट, सायकल ठेवायला जागा. दौंडचे उदाहरण घ्या. तिथून रोज कित्येक माणसे आगगाडीने पुण्याला नोकरीला जातात. त्यांपैकी कुणी सायकलने स्थानकावर आला, तर दिवसभर ती ऊनपावसापासून आणि चोरापासून सुरक्षित राहील अशी छपराची जागा त्याला हवी. एसटी स्थानकावर, बाजारात आणि कचेरीतही तशीच. साहेबांच्या मोटारीला छप्पर आणि शिपायाच्या सायकलला कुंपण, हे आता पुरे झाले.

यावर आक्षेप येतील, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. कुणी म्हणेल, "अहो, एप्रिल-मेच्या उन्हात सायकल कोण चालवणार?" खरे आहे. आपला भाग दुष्काळी, ऊन कडक. त्याला उपाय सावलीचा. रस्ते रुंद करताना जी जुनी झाडे जातात, त्यांच्याबरोबर सायकलस्वाराची आणि पायी जाणाऱ्याची सावलीही जाते. सायकलच्या वाटेवर कडुनिंब, चिंच, वड लावून ते जगवले पाहिजेत. आणि शाळेची वेळ सकाळची व संध्याकाळची असते, हेही ध्यानात घ्यावे. कुणी म्हणेल, "माझे वय झाले, गुडघे दुखतात." त्यांच्यासाठी आता विजेवर चालणाऱ्या सायकली निघाल्या आहेत. आणि ज्यांना तेही जमणार नाही त्यांनी खुशाल गाडीने जावे. बाकीचे सायकलवर गेले तर त्यांच्या गाडीलाही रस्ता मोकळा मिळेल.

तिसरा आक्षेप सहसा कुणी उघड बोलत नाही; तो आपल्या मनात असतो. सायकल म्हणजे गरिबी. जावई सायकलवर आला तर लोक काय म्हणतील? सायकल सोडून मोटारसायकलवर बसणे ही आपल्या पिढीला प्रगतीची खूण वाटली, आणि त्यात गैर काही नव्हते. ज्याने नाइलाजाने वर्षानुवर्षे पेडल मारले, त्याला आता आराम हवासा वाटणारच. त्याला कुणी उपदेश करू नये. मला एवढेच म्हणावयाचे आहे, की ज्याला सायकल चालवावीशी वाटते त्याला ती जीव मुठीत न धरता चालवता यावी. आज रांजणगावच्या रस्त्याने सायकलवर कामाला जाणारा जो कामगार आहे, त्याला गाडी परवडत नाही. त्याच्या जिवाची किंमत गाडीवाल्याच्या दहा मिनिटांहून कमी धरणारा रस्ता आपण बांधला, तर त्याला प्रगती कशी म्हणावी?

परवा त्या घरी पुन्हा गेलो होतो. मुलगी अभ्यास करीत होती. मी सहज विचारले, "काय गं, सायकल अजून येते ना?" ती हसली आणि म्हणाली, "आजोबा, सायकल कुणी विसरतं का?" तिच्या वडिलांनी तेवढ्यात जिन्याखाली वाकून टायर दाबून पाहिले. म्हणाले, "ट्यूब बदलावी लागेल. साखळीला तेल दिलं की झालं. तासाभराचं काम आहे." मग क्षणभर थांबून म्हणाले, "पण रस्त्याचं काय करू?"

त्या गृहस्थांना याचे उत्तर एकट्याने देता येणार नाही. येत्या ग्रामसभेत, नगरपरिषदेच्या सभेत, शाळेच्या पालकसभेत हा प्रश्न आपण सर्वांनी मिळून विचारावा. घरापासून शाळेपर्यंतचे दोन किलोमीटर आधी मागावेत. पुढच्या जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा ती मुलगी दहावीत असेल.